ध्रुवयात्री चित्रकार युलिउस पायर

उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचें नांव काढलें कीं मराठी वाचकास प्रथम लोकमान्य टिळकांचें स्मरण होतें. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज्' या त्यांच्या ग्रंथामुळें लांबच लांब रात्र आणि क्षितिजावर दिवसानुदिवस रेंगाळणारी उषा या गोष्टी आमच्याकडील सुशिक्षित घरांत चर्चेचा विषय होऊन बसल्या. परंतु त्या चर्चेंत तो प्रदेश बुद्धीनें ताडलेला होता, डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. ज्यांनीं तो प्रत्यक्ष पाहिला आणि पाहत असतां हातांतील पेन्सिल खालीं ठेवली नाहीं, अशा थोड्या मंडळींत युलिउस पायर या ऑस्ट्रियन गृहस्थाची गणना करावी लागते. त्याचें नांव आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नाहीं. पण त्याचें चरित्र व त्याचीं चित्रें हीं एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं असतां कलेविषयींचा एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. पाहिलेलें जसेंच्या तसें नोंदणें आणि पाहिलेल्यांतून कलाकृति उभी करणें, या दोन्ही कामांस एकच मनुष्य पुरा पडतो काय? पायर पुरा पडला असें त्याच्या चाहत्यांस वाटतें. तो दोहोंतही कमी पडला असें म्हणणारेही आढळतात. आमचें मत या दोहोंहून थोडें निराळें आहे, व तेंच येथें मांडावयाचें आहे.

फोटोग्राफीचा प्रसार होण्यापूर्वीं ध्रुवप्रदेशाकडे जाणाऱ्या मोहिमेंत चित्र काढणारा हात हा होकायंत्राइतकाच आवश्यक समजला जाई. १८१९ ते १८२२ या काळांत जॉन फ्रँकलिन याच्या हाताखालीं कॅनडाच्या उत्तरेकडे गेलेले रॉबर्ट हूड व जॉर्ज बॅक हे इंग्रज आरमारांतील तरुण चांगले चित्रकार होते. त्यांपैकीं हूड १८२१ सालीं उपासमारीच्या त्या भयंकर प्रवासांत गोळी लागून मेला. मागें त्याचीं चित्रें तेवढीं उरलीं. या मंडळींचीं चित्रें म्हणजे नकाशाचीं धाकटीं भावंडें. किनारा कसा दिसतो, खडक कोणत्या आकाराचा आहे, तेथील माणसें कशीं राहतात, हें सांगणें एवढेंच त्यांचें काम. पायरची सुरुवातही येथूनच झाली. शेवट मात्र येथें झाला नाहीं.

त्याचा जन्म १८४१ सालीं बोहेमियांतील टेप्लिट्स या गांवालगतच्या शोनाउ येथें झाला. शिक्षण लष्करी शाळेंत झालें, आणि १८५९ सालीं सोल्फेरिनोच्या रणांगणावर, अठराव्या वर्षाच्या सुमारास, त्यानें पहिली लढाई पाहिली. पण त्याचें मन रमलें तें आल्प्स पर्वतांत. १८६४ सालीं आदामेलो शिखरावर प्रथम पाऊल ठेवणारा तोच. पुढें ओर्टलर पर्वतसमूहांतील शिखरामागून शिखर चढून त्यानें त्या मुलखाचे नकाशे तयार केले. पर्वताचा नकाशा करणें म्हणजे दुरून दिसणाऱ्या रेषेवरून त्यामागील आकार ओळखणें होय. एका कड्यामागें दुसरा कडा किती अंतरावर आहे, ढगाखालीं दडलेला उतार कोणत्या दिशेस वळतो, हें डोळ्यानें ताडावें लागतें. पायरच्या डोळ्यास ही संवय या दिवसांत जडली. तिनें त्यास कीर्ति दिली, आणि पुढें एकदां मोठा दगाही दिला. त्या दग्याची हकीकत यथास्थळीं येईलच.

१८६९-७० सालीं जर्मन मोहिमेबरोबर तो पूर्व ग्रीनलंडला जाऊन आला. नंतर १८७२ सालीं ऑस्ट्रिया-हंगेरीची स्वतःची मोहीम निघाली. जहाजाचें नांव 'ॲडमिरल टेगेटहोफ'. माणसें एकंदर २४. समुद्रावरील अधिकार आरमारी अधिकारी कार्ल वाइप्रेख्ट याचा आणि जमिनीवरील अधिकार पायरचा, अशी वांटणी झालेली होती. खलाशी बहुतेक एड्रियाटिक किनाऱ्यावरचे, उन्हांत वाढलेले. जहाजावर हुकूम सुटत ते इटालियन भाषेंत. जून महिन्यांत त्यांनीं ब्रेमरहाफेन बंदर सोडलें आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यांत, नोवाया झेम्ल्या बेटाच्या जवळपास, जहाज बर्फांत अडकलें. तें पुन्हा कधींही सुटलें नाहीं. बर्फाचें तें अफाट मैदान वारा नेईल तिकडे वाहत गेलें आणि त्याबरोबर जहाजही वाहत गेलें. ऑक्टोबरपासून बर्फाचे थर जहाजावर दाब देऊं लागले, तेव्हां केव्हां बाहेर पळावें लागेल याचा नेम नाहीं म्हणून माणसें अंगावरील कपड्यांनिशींच झोंपत. एक संपूर्ण वर्ष असें गेल्यावर, ३० ऑगस्ट १८७३ रोजीं दुपारीं धुकें विरळ झालें आणि वायव्येस डोंगरांची एक रांग उजळून निघाली. कोणत्याही नकाशांत नसलेली ती भूमि होती. आपल्या बादशहाच्या नांवावरून त्यांनीं तिला फ्रान्झ योझेफ भूमि असें नांव दिलें.

येथवरची हकीकत पायरनें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. याच सालीं त्याचें इंग्रजी भाषांतरही निघालें. प्रवासवर्णन म्हणून आम्ही या ग्रंथास फार वरची जागा देतों, आणि त्याचें कारण त्यांतील संकटें हें नव्हे. संकटें सर्वच ध्रुवयात्रींच्या पुस्तकांत असतात. पायरचा विशेष असा कीं, थंडीसारखी डोळ्यांस न दिसणारी वस्तु तो वाचकाच्या अंगावर आणतो. मार्च १८७४ मधील पहिल्या घसरगाडीच्या सफरींत तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलें होतें. त्या थंडींत माणसाच्या श्वासाचें काय होतें, आवाज कसा ऐकूं येतो, इच्छाशक्ति कशी सुस्त होत जाते, याचें वर्णन तो एखाद्या वैद्यानें रोग्याची लक्षणें टिपावींत तशा बारकाईनें करतो. आणि तो रोगी तो स्वतःच असतो. अलंकारांची हौस त्यास नाहीं असें नाहीं. सूर्योदयाच्या वर्णनांत त्याची लेखणी जरा अधिकच सजते. पण जेथें प्रसंग बिकट, तेथें वाक्यें आपोआप आंखूड होतात.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे एप्रिल १८७४ मधील मिडेन्डोर्फ हिमनदीवरचा अपघात. पायर, झानिनोविच नांवाचा खलाशी आणि कुत्र्यांची घसरगाडी असे पुढें चालले असतां हिमावरील पूल खचला आणि झानिनोविच, कुत्रे व गाडी हीं सर्व एका खोल भेगेंत पडलीं. गाडीची दोरी पायरच्या अंगास बांधलेली होती; तिच्याबरोबर तो भेगेच्या कांठापर्यंत ओढला गेला. गाडी आंत मध्येंच अडकून राहिली म्हणून तो वांचला. खालून माणसाच्या हांका येत होत्या. त्यानें दोरी कापली. मग मदत आणण्यासाठीं, मागें राहिलेल्या सोबत्यांकडे, अंगावरील जड कपडे व पायांतील बूट फेंकून देऊन तो मैलांमागून मैल धांवत सुटला. कित्येक तासांनीं झानिनोविच व कुत्रे जिवंत वर काढण्यांत आले. दोरी कापली ही गोष्ट ग्रंथांतून गाळतां आली असती. पायर ती लपवीत नाहीं, आणि तिचें समर्थन करीत पानेंही भरीत नाहीं. केलेल्या कृत्याजवळ तो वाचकास नेऊन सोडतो. लेखकाची प्रामाणिकता ओळखण्यास याहून मोठा पुरावा तो कोणता पाहिजे?

ग्रंथांतील चित्रें त्याच्या स्वतःच्या रेखाटनांवरून केलेलीं आहेत. बर्फाच्या दाबानें तिरपें झालेलें जहाज, दीर्घ रात्रींत दिव्याच्या उजेडांत चाललेलें काम, मार्च १८७४ मध्यें क्षयानें मेलेला यंत्रज्ञ ओटो क्रिश याची विल्चेक बेटावरील अंत्ययात्रा, अशा विषयांचीं हीं चित्रें आहेत. मूळ रेखाटनें अशा ठिकाणीं झालीं कीं जेथें हातमोजा काढणें म्हणजे बोट गमावण्याची तयारी ठेवणें. त्यामुळें त्यांत नक्षीकामास वेळच नाहीं. मोठे आकार, त्यांचीं परस्पर अंतरें आणि मध्येंच माणसांची काळी, लहानशी रांग, एवढ्यांत चित्र आटोपतें. पांढऱ्या विस्तारांत माणूस किती लहान हें दाखविण्याचा त्यानें प्रयत्न केला आहे असें वाटतच नाहीं. तो लहानच होता, म्हणून तसा दिसतो. आमच्या मतें पायरच्या हातचें निर्दोष काम हेंच.

परंतु निर्दोष हात आणि निर्दोष डोळा या दोन वस्तु भिन्न आहेत. १२ एप्रिल १८७४ रोजीं पायर रुडोल्फ बेटाच्या उत्तर टोंकास, केप फ्लिगेली येथें, पोंचला. आपण ८२ अंश ५ कलांवर आहों असें त्याचें गणित निघालें; खरें स्थान ८१ अंश ५० कलांच्या जवळ आहे. ही चूक क्षुल्लक म्हणावी. पण तेथून त्यास उत्तरेस व पश्चिमेस आणखी डोंगर दिसले. त्यानें त्यांस पेटरमान भूमि व राजा ऑस्कर भूमि अशीं नांवें दिलीं, एका टोंकास केप व्हिएन्ना म्हटलें, आणि तीं सर्व नकाशावर उतरविलीं. १८९५ सालीं नान्सेन उत्तरेकडून परत येतांना या पेटरमान भूमीचा शोध करीत आला; त्यास ती आढळली नाहीं. १९०० सालीं ड्यूक ऑफ आब्रुत्सीच्या मोहिमेंतील कान्यी हा त्याच बाजूनें ८६ अंश ३४ कलांपर्यंत जाऊन आला, आणि तेथें गोठलेल्या समुद्रावांचून कांहींच नाहीं हें कायमचें ठरलें. दैवाचा खेळ असा कीं, ही मोहीम हिंवाळ्यांत राहिली ती रुडोल्फ बेटावरील टेप्लिट्स उपसागरांत. आणि त्या उपसागरास आपल्या जन्मगांवाचें नांव पायरनेंच दिलेलें होतें.

पायरनें हें खोटें रचलें काय? आम्हांस तसें मुळींच वाटत नाहीं. ध्रुवप्रदेशांत बर्फालगतची हवा अति थंड व वरची हवा तिच्या मानानें उबदार असते. अशा थरांतून येतांना प्रकाशाचे किरण वांकतात आणि क्षितिजावरील बर्फाचे उंचवटे उचलल्यासारखे, कड्यांसारखे दिसूं लागतात. धुक्याचे पट्टेही दुरून किनाऱ्यासारखे भासतात. त्यांत पाहणारा मनुष्य आल्प्समध्यें शिकलेला! अर्धवट रेषेवरून पूर्ण पर्वत ओळखण्याची त्याच्या डोळ्यास संवय, आणि सात महिन्यांपूर्वीं धुक्याच्या पडद्यामागून खरीच भूमि निघाल्याचा ताजा अनुभव. धुक्यानें एकदां सत्य दाखविलें. दुसऱ्या वेळीं त्याच भाषेंत त्यानें असत्य सांगितलें, आणि पायरनें दोन्ही वेळां सारख्याच निष्ठेनें तें लिहून घेतलें. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष म्हणजे अखेरचा पुरावा असें मानणाऱ्यांनीं या प्रकरणाचा अवश्य विचार करावा.

याचा परिणाम त्यास भोगावा लागला. सप्टेंबर १८७४ मध्यें व्हिएन्नांत या मंडळींचें लाखों लोकांनीं स्वागत केलें; पण पाठोपाठ लष्करी वर्तुळांत कुजबुज सुरू झाली कीं, हा गृहस्थ सांगतो ती भूमि खरोखर आहे तरी काय? पायरनें नोकरीचा राजीनामा दिला. पुढच्या संशोधकांनीं फ्रान्झ योझेफ भूमि खरी ठरविली. मात्र तो दोन मोठे प्रदेश समजला तेथें सुमारें १९० बेटांचा समूह निघाला. पण हा निवाडा लागण्यास वीस वर्षें अवकाश होता. मधल्या काळांत या मनुष्यानें जें केलें तें विलक्षण आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास तो फ्रांकफुर्ट येथें चित्रकलेच्या शाळेंत विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. मग म्यूनिखच्या कलाशाळेंत गेला, आणि पुढें कित्येक वर्षें पॅरिसमध्यें राहिला.

त्याचें पहिलें प्रसिद्ध चित्र आपल्या मोहिमेचें नव्हे, फ्रँकलिनच्या शेवटच्या मोहिमेचें आहे. १८४५ सालीं दोन जहाजांतून गेलेलीं १२९ माणसें एकूणएक नष्ट झालीं. त्यांच्या अंताचें 'मृत्यूचा उपसागर' हें चित्र पायरनें १८८३ सालीं काढलें. विषय भयंकर, हातोटी शिकलेली, परिणाम मोठा. तरी आमचें समाधान होत नाहीं. याच प्रसंगावर इंग्रज चित्रकार लँडसियर यानें १८६४ सालीं चित्र काढलें होतें. त्यांत माणूसच नाहीं. जहाजाचे अवशेष आणि हाडें चघळणारीं दोन पांढरीं अस्वलें आहेत. त्याहीपूर्वीं, १८२३-२४ च्या सुमारास, जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख यानें बर्फाच्या फुटलेल्या लाद्यांचा एक डोंगर आणि त्याखालीं दडपलेलें जहाज एवढेंच रंगविलें. हे दोघेही ध्रुवप्रदेशांत कधीं गेले नव्हते. फ्रीड्रिखनें तर एल्ब नदीवर हिंवाळ्यांत सांचलेल्या लाद्या पाहून आपला समुद्र उभा केला, आणि त्याच्या हयातींत तें चित्र कोणी विकतही घेतलें नाहीं. तरी बर्फाची निष्ठुरता पाहावयाची असेल तर आजही आपण त्याच चित्रासमोर जाऊन उभे राहतों. तेव्हां दोन वर्षें बर्फांत काढलेल्या मनुष्यानें घरीं बसून रंगविणाऱ्यांहून अधिक काय दिलें, हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

त्याचें उत्तर १८९२ सालच्या 'मागें फिरणें नाहीं' या प्रचंड चित्रांत आहे. तें व्हिएन्नांतील सैन्येतिहासाच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतें. प्रसंग असा : २० मे १८७४ रोजीं या मंडळींनीं जहाज सोडलें आणि होड्या घसरगाड्यांवर घालून बर्फावरून दक्षिणेकडे ओढण्यास सुरुवात केली. दिवसभर ओढावें आणि दक्षिणेच्या वाऱ्यानें सबंध बर्फच उत्तरेकडे मागें न्यावें, असें दोन महिने चाललें. दोन महिन्यांनीं जहाजापासून त्यांचें अंतर सुमारें १५ किलोमीटर होतें! मागें जहाजांत निवारा होता, अन्न होतें, ओळखीची खोली होती. पुढें काय होतें हें कोणासच माहीत नव्हतें. माणसांचें मन जहाजाकडे ओढ घेऊं लागलें. चित्रांत मध्यभागीं वाइप्रेख्ट हातांत बायबल घेऊन उभा आहे. भोंवतीं गळून गेलेले खलाशी आहेत. आणि मागें तें अडकलेलें जहाज.

या चित्राचे दोष उघड आहेत. रचना रंगभूमीवरील शेवटच्या प्रवेशासारखी आहे. नायक ताठ उभा, बाकीचे त्याच्या पायांशीं, असा कलाशाळेंत शिकविला जाणारा आकार तींत स्पष्ट दिसतो. मूळ रेखाटनांतील मोकळेपणा येथें नाहीं. बर्फ पाहावयाचा तर फ्रीड्रिखकडेच जावें. पण या चित्राचा विषय बर्फ नाहींच. त्याचा विषय मोह हा आहे, आणि मोहाचें रूप येथें एका आश्रयस्थानाचें आहे. वादळ किंवा अस्वल यांपासून पळावें हें कोणासही समजतें. पण ऊब व अन्न यांकडे पाठ फिरविण्यांतच जीव वांचणार आहे, हें थकलेल्या माणसास समजावून सांगणें किती कठीण असेल! ही गोष्ट एल्ब नदीच्या कांठीं बसून सुचणारी नव्हे. ज्यानें स्वतः मान वळवून त्या जहाजाकडे पाहिलें असेल त्यालाच ती सुचेल. प्रत्यक्ष अनुभवानें पायरला दिलें तें हें. बर्फाचा आकार त्यास इतरांहून बरा दिसला असें नाहीं. माणसाचा धीर कोठें खचतो ती जागा मात्र त्यास नेमकी ठाऊक होती.

आणखी एक गोष्ट चित्रासमोर उभे असतां ध्यानांत येत नाहीं. ती चरित्र वाचल्यावर कळते. वाइप्रेख्ट व पायर यांचें त्या परतीच्या वाटेवर अत्यंत वांकडें आलें होतें. वाइप्रेख्टच्या खासगी रोजनिशींत पायरच्या संतापाविषयीं कडवट उल्लेख आहेत, आणि स्वतःची निराशाही आहे. खलाशांसमोर मात्र त्यानें ती चेहऱ्यावर उमटूं दिली नाहीं. पुढें दोघांचे मार्गही निराळे झाले. नवी भूमि शोधण्याच्या चढाओढीपेक्षां अनेक राष्ट्रांनीं ठिकठिकाणीं बसून एकाच वेळीं शांतपणें निरीक्षणें करावींत, असा वाइप्रेख्टनें आग्रह धरला. १८८२-८३ चें पहिलें आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष हें त्याच आग्रहाचें फळ. पण तें पाहण्यास तो उरला नाहीं. १८८१ सालीं तो क्षयानें वारला. म्हणजे चित्र रंगविलें गेलें तेव्हां त्यास मरून अकरा वर्षें झालीं होतीं. पायरच्या मनांत असतें तर आपल्या घसरगाडीची सफर, केप फ्लिगेलीवर रोंवलेलें निशाण, किंवा भेगेंतून वर काढलेला झानिनोविच, असा कोणताही प्रसंग त्यास निवडतां आला असता. त्या सर्वांत नायक तोच होता. त्यानें निवडला तो प्रसंग असा कीं ज्यांत नायक दुसरा आहे, आणि तो दुसरा म्हणजे ज्याच्याशीं आपलें पटलें नाहीं तो मनुष्य.

कांहीं टीकाकार म्हणतील कीं चित्रांतील वाइप्रेख्ट खरा नाहीं. खरा वाइप्रेख्ट रोजनिशींत आहे, खचलेला व कंटाळलेला. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. खलाशांनीं पाहिला तो वाइप्रेख्ट ताठ उभा होता, आणि त्याच्याच आधारानें ते चालले. १५ ऑगस्ट रोजीं त्यांस मोकळें पाणी लागलें. २४ ऑगस्ट रोजीं नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्याजवळ वोरोनिन नांवाच्या रशियन कप्तानाच्या जहाजानें त्यांस घेतलें. क्रिशखेरीज सर्वजण जिवंत परतले. मनांतील निराशा दडवून धरलेला धीर हा खोटा म्हणावा काय? पेटरमान भूमि ही डोळ्यांस दिसली पण नव्हती. वाइप्रेख्टचा धीर मनांत डळमळत होता, पण त्यानें २३ माणसें घरीं आणलीं. पायरनें पहिली गोष्ट नकाशांत घातली व तो चुकला. दुसरी चित्रांत घातली, आणि आमच्या मतें तेथें तो चुकला नाहीं.

पायर पुढें व्हिएन्नांत स्त्रियांस चित्रकला शिकवीत असे. १९१५ सालीं हल्लींच्या स्लोव्हेनियांतील ब्लेड या गांवीं तो वारला. श्रेष्ठ चित्रकारांच्या पंक्तींत त्यास बसवावें असा आमचा आग्रह नाहीं. त्याची कुंचली तेवढी मोठी नव्हती. त्याच्या नकाशांत पुढील पिढ्यांनीं पुष्कळ दुरुस्त्या केल्या, आणि त्या करणें योग्यच होतें. पण त्या मोठ्या चित्रांत दुरुस्त करावें असें एक स्थळ कोणी दाखविलें आणि वाइप्रेख्टच्या जागीं पायरला उभें करा म्हणून सांगितलें, तर तें चित्र त्याच क्षणीं मरेल. ज्या वाचकांस व्हिएन्ना पाहण्याचा योग येईल, त्यांनीं राजवाडे पाहून झाल्यावर एक सकाळ या चित्रासाठीं अवश्य राखून ठेवावी. ज्यांस तो योग नाहीं, त्यांनीं निदान पायरचा ग्रंथ मिळवून वाचावा. घरांतील मुलांस तो वाचून दाखविण्यासारखा आहे. आणि दोरी कापल्याचा प्रसंग येईल तेव्हां तेथें क्षणभर थांबावें, पुढें काय झालें हें त्यांस लगेच सांगूं नये.